नगरसेवक सक्षमीकरण (पुणे)

महापालिकेवर निवडून आलेल्या सभासदाला काम करण्यासाठी लागणारे अधिकार, माहिती, प्रशिक्षण आणि हाताखालची माणसे मिळवून देणे म्हणजे नगरसेवक सक्षमीकरण. पुण्यात ते अधुरे आहे. लोक सगळ्या तक्रारी घेऊन नगरसेवकाकडे जातात आणि त्यांतल्या बऱ्याच त्याच्या हातात नसतात.

महात्मा जोतीराव फुले १८७६पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपयांच्या खर्चाचा विषय आला, तेव्हा ३२ सदस्यांत एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिले. हा पैसा शिक्षणाला द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. खर्च मंजूर झाला, पण सभासद कशासाठी असतो हे त्या एका मताने दाखवले. पुढे लोकमान्य टिळक याच नगरपालिकेचे सदस्य झाले, तर गोपाळ कृष्ण गोखले अध्यक्ष. महापालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झाली.

शहरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा देणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला अमलात आली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांकडे सोपवण्याजोगे १८ विषय आहेत. प्रत्यक्षात कारभाराची सूत्रे राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे राहतात. महापौर मुख्य सभा, म्हणजे सर्व नगरसेवकांची सभा, चालवतात, पण प्रशासनाला थेट आदेश देण्याचा अधिकार त्यांना नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली मुख्य सभेचा ठराव शासन निलंबितही करू शकते. पैशाची बाजूही अशीच परावलंबी झाली. जकात २०१३मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर जीएसटीत विरला, आणि त्या बदल्यातले अनुदान आता राज्याकडून येते.

उदाहरण पाण्याचे घ्यावे. नळाला पाणी आले नाही की प्रभागातला पहिला फोन नगरसेवकाला जातो. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणे जलसंपदा विभागाची. शेतीला किती आणि शहराला किती, याची चर्चा कालवा सल्लागार समितीत होते. शहराची बससेवा चालवणारी पीएमपीएमएल २००७पासून स्वतंत्र कंपनी आहे आणि महानगराच्या नियोजनासाठी २०१५पासून वेगळे प्राधिकरण आहे. यांपैकी कशाचेच उत्तर मुख्य सभेत पूर्ण मिळत नाही.

मग नगरसेवकाच्या हाती उरते ते अंदाजपत्रक. आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरफार करते आणि मुख्य सभा मंजुरी देते. नगरसेवकाने सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या यादीसाठी पुण्यात ‘स’ यादी हा शब्द रुळला आहे. वर्ष सरत आले की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवला जातो. या धावपळीत बाकडी, कापडी पिशव्या, नामफलक यांवर खर्च होतो आणि मैलापाण्याच्या वाहिनीसारखे जमिनीखालचे काम मागे पडते. नगरसेवकांना दोष देणे सोपे आहे. परंतु जाडजूड अंदाजपत्रक काही दिवसांत एकट्याने वाचायचे आणि सोबत एकही अभ्यासक नाही, अशा स्थितीत दिसेल ते काम मागितले जाणारच. आमदाराला स्वीय सहायक मिळतो. नगरसेवकाला तशी सोय नाही. लेखी प्रश्न हे त्याचे सर्वांत धारदार साधन. ते नेमके विचारायलाही अभ्यास लागतो.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. बाणेर रस्त्यावरील ‘यशदा’ ही राज्य शासनाची प्रशिक्षण संस्था आणि मुंबईत १९२६ साली सुरू झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था ही प्रमुख नावे. महापालिकेतील निम्म्या जागा २०१२च्या निवडणुकीपासून महिलांसाठी राखीव आहेत. सभागृहात प्रथमच आलेल्या अनेक जणींना विषयपत्रिका कशी वाचावी, उपसूचना कशी द्यावी हे कोणीतरी नीट शिकवणे गरजेचे असते. नाहीतर कारभार घरातल्या पुरुषांच्या हाती जातो.

प्रभागरचनाही स्थिर नाही. २००२मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७मध्ये एकाचा, २०१२मध्ये दोघांचा, २०१७मध्ये मुख्यतः चौघांचा. आजही ४१ प्रभागांत १६५ जागा आहेत आणि २०११च्या जनगणनेनुसार एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांवर लोक येतात. चौघांपैकी जबाबदार कोण, हे मतदाराला कळत नाही.

मार्च २०२२मध्ये मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षे प्रशासकराज होते. त्या काळात अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे आयुक्तच होते. १५ जानेवारी २०२६ला मतदान होऊन सभागृह पुन्हा भरले. नागरिकांकडून क्षेत्रीय कार्यालयांत कामे सुचवून घेणारे सहभागी अंदाजपत्रक मात्र २००६-०७पासून पुण्यात आहे. पदपथ, दिवे, बसथांबे अशा सूचना त्यात येतात. नगरसेवकाने आपल्या ‘स’ यादीची सुरुवात या अर्जांपासून करावी, इतकी साधी जोडणीही अजून नियमाने झालेली नाही.