रामकुंडातली उडी आणि २४०० अश्वशक्तीची बोट

उन्हाळ्याच्या सुट्टीत नाशिकच्या रामकुंडावर पोरं उड्या मारत असतात. पाय जुळवून सरळ पडणारा सुर्रकन पाण्यात शिरतो. नवशिका मात्र आडवा पडतो, ‘फट्’ असा आवाज होतो, काठावरचे हसतात आणि तो बाहेर येतो तेव्हा पोट लालभडक झालेलं असतं. उंची तीच, पाणी तेच. फरक एवढाच, की सरळ पडणाऱ्यासाठी पाण्याला बाजूला सरकायला वेळ मिळतो आणि आडव्या पडणाऱ्यासाठी मिळत नाही.

वेगवान बोटी का फुटतात, याचं बरंचसं उत्तर या उडीतच आहे.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर हौसेने खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्यांच्या बोटींची एक खास जात आहे. फायबरग्लासची हलकी बांधणी, मधोमध सुकाणू आणि मागे ओळीने टांगलेली तीन, चार, कधी पाच इंजिनं. मासे लांब असतात आणि स्पर्धेत आधी पोहोचणाऱ्याची चंगळ, म्हणून वेगाचं वेड. मर्क्युरी कंपनीने २०२१ मध्ये ६०० अश्वशक्तीचं बारा सिलिंडरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेर टांगायचं, इंजिन आणलं. अशी चार लावली की झाले २४०० घोडे.

हलकी म्हणजे कमकुवत, असं मात्र नाही. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरले होते. त्या प्रकारातल्या बोटीचं किमान वजन असतं १४ किलो, म्हणजे घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो साधारण तेवढं. आठ मीटरच्या आसपास लांब असलेली ती बोट मोडत नाही, कारण तिला ढकलणारा माणूस एकच आणि पाणी शांत. बोट किती जड आहे हा प्रश्नच चुकीचा. तिच्यावर काय आदळणार आहे, ते विचारायला हवं.

आदळण्याचं गणित विमानवाल्यांनी आधी मांडलं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे तराफे फुटू नयेत म्हणून थिओडोर फॉन कारमान यांनी १९२९ मध्ये ते सोडवलं आणि १९३२ मध्ये हर्बर्ट वागनर यांनी त्यात भर घातली. बोटीचं बूड इंग्रजी व्ही अक्षरासारखं असेल, तर त्याचे उतार आडव्या रेषेशी किती कोन करतात यावर सगळं ठरतं. समजा बोट दीड फुटावरून पडली. पाण्याला टेकताना तिचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल. कोन २४ अंशांचा असेल तर त्या क्षणी बुडाच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावर दर चौरस मीटरला पावणेसहा टनांच्या आसपास दाब येतो. कोन १२ अंशांवर आणला की तोच दाब २५ टनांवर जातो. कोन अर्धा, मार चौपटीहून जास्त. हा हिशोब कागदावरचा, प्रत्यक्षात बोट डुलते, वाकते. पण कल त्याच दिशेचा.

१९६० च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला होता आणि ‘मॉपी’ नावाची लाकडी बोट पहिली आली. रे हंट यांनी तिचं बूड २४ अंशांचं ठेवलं होतं. तेव्हापासून खोल व्ही बूड हे वेगवान बोटींचं जवळपास प्रमाणच झालं. पण यात एक मेख आहे. लाटेवरून उडालेली बोट २४ अंश कलून खाली आली, तर तिची एक बाजू पाण्याला सपाट टेकते. सूर मारायला निघालेला पोरगा आयत्या वेळी पोटावर पडतो, तसंच. चालकाने वळण घेता घेता लाट गाठली की हे घडायला वेळ लागत नाही.

आता ताकद. पाण्यावर तरंगत न जाता वर उचलून घसरत धावणाऱ्या बोटींसाठी ढोबळ नियम असा, की ताकद दुप्पट केली तर वेग वाढतो फक्त १.४ पट. दणका मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो जवळपास दुप्पट. शिवाय दणक्यांची संख्या वाढते ती वेगळीच. ताशी ७४ किलोमीटरने जाणाऱ्या बोटीला दर दहा मीटरवर लाट मिळाली तर सेकंदाला दोन, तासाला सात हजारांवर. सगळेच काही जोरात बसत नाहीत, पण बूड सगळे खातं.

फायबरग्लास एका फटक्यात क्वचितच तुटतो. आधी रेझिनमध्ये, म्हणजे काचेचे धागे बांधून ठेवणाऱ्या चिकट पदार्थात, केसाएवढ्या चिरा पडतात, मग काचेच्या धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटतात. पवनचक्कीची पातीही याच मालाची असतात आणि त्यांचा हिशोब करताना अभियंते जो घातांक धरतात तो साधारण १० असतो. भार दुप्पट झाला, तर आयुष्य दोनाच्या दहाव्या घाताने, म्हणजे हजार पटींच्या आसपास घटतं. आपल्या ओझरला सुखोई बांधल्या गेल्या. तसल्या लढाऊ विमानांनी किती वेळा किती जोराचे हिसके खाल्ले याची नोंद ठेवली जाते. हौशी बोटीत मोजतात ते इंजिनाचे तास. हे मला अजब वाटतं: बदलता येण्यासारखं तेवढं मोजायचं आणि जे फुटल्यावर बुडायची वेळ येते त्याची वहीच नाही.

मग बूड जाड करा की! केलं तर वजन वाढतं, वजन ओढायला आणखी इंजिन लागतं. म्हणून कारखानदार दोन पातळ थरांमध्ये फोम किंवा बाल्सा लाकडाचा गाभा भरतात. एकूण जाडी दुप्पट झाली की वजन फारसं न वाढता कडकपणा सुमारे सात पट होतो. युक्ती झकास आहे, पण सगळी भिस्त गाभा दोन्ही थरांना चिकटून राहण्यावर. एका स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं, बाल्सा कुजला, की उरतात दोन सुटे पातळ पापुद्रे. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा अंगठ्याने दाबल्यावर ‘टक-टक’ आतबाहेर होतो ना, बूड तसं लाटेगणिक लचकायला लागतं.

मागच्या भिंतीचे, म्हणजे ट्रान्समचे, हाल निराळे. वर सांगितलेल्या चार इंजिनांचं वजन जवळजवळ २३०० किलो, म्हणजे अडीच छोट्या मोटारी. बोट आदळताना गुरुत्वाच्या तिप्पट हिसका बसला तर ती भिंत सात टन पेलते. अमेरिकेत २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींवर कमाल अश्वशक्तीची पाटी सक्तीची आहे. तिचं सूत्र बोटीची लांबी गुणिले ट्रान्समची रुंदी इथून सुरू होतं. बूड किती थरांचं, हे त्यात कुठेच नाही. आणि २० फुटांपुढे पाटीची सक्तीच नाही.

गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर मी एकदा हौसेने नाळेपाशी बसायला गेलो. “काका, पुढं नका बसू, मागं या. पुढं लई आपटतं,” बोटवाला म्हणाला. बोटबांधणीच्या कुठल्याही नियमावलीतलं वाक्य त्याने पाठ केलेलं नव्हतं, पण बरोबर होतं. घसरत धावणारी बोट मागच्या भागावर टेकलेली असते आणि नाक लाटेगणिक उचलून आपटतं. म्हणूनच बुडाचा पुढचा भाग सर्वांत मजबूत बांधावा लागतो.

सुटलेला गाभा बाहेरून दिसत नाही. वरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत लेप, चकचकीतच असतो. तपासनीस छोटी हातोडी घेऊन बुडावर इंचाइंचाने ठोकत जातात. थर घट्ट असतील तिथे खणखणीत वाजतं, सुटले असतील तिथे बद्द. भांडी बाजारात घागर घेताना आपण हेच करतो. फेरी संपल्यावर मीही उकिडवा बसून बोटाच्या पेराने त्या बोटीवर चारपाच ठिकाणी ठोकून पाहिलं.

“माठ घेताय का, काका?” बोटवाल्याने विचारलं.