समाजमाध्यमांवरील व्यावसायिक पत

समाजमाध्यमांवरील व्यावसायिक पत : एखादा व्यावसायिक आपल्या कामाविषयी समाजमाध्यमांवर दीर्घकाळ, नेमाने आणि खरेपणाने लिहीत-बोलत राहिला, की अनोळखी लोकांच्या मनात त्याच्याविषयी जो विश्वास तयार होतो तो. डॉक्टर, वकील, करसल्लागार, शेतीसल्लागार अशा ज्यांच्या कामाचा दर्जा आधी पारखता येत नाही, त्यांच्या बाबतीत ही पत विशेष महत्त्वाची. साडीचा पोत हात लावून कळतो; सल्ल्याचा पोत सल्ला मानून झाल्यावर.

‘पत’ हा शब्द मराठी बाजारपेठेतला जुना. पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा या सगळ्यांत तो आहे, आणि त्याचा अर्थ पैसा असा नसून दिलेला पैसा परत येईल ही खात्री असा आहे. पूर्वी ही खात्री नात्यागोत्यातून मिळे : आमच्या मेव्हण्यांचे कागद त्यांनीच केले, तुम्हीही जा. जुन्या दुकानांवरची ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी याच जातीची. तिची थट्टा पुष्कळ झाली; पण त्या पाटीत एक हमीही आहे. आम्ही इथेच बसतो, माल वाईट निघाला तर याच उंबऱ्यावर येऊन भांडा. समाजमाध्यमावरचे जुने, चालते खाते साधारण हेच सांगते.

स्वतःच्या नावाला ब्रँडसारखे जपावे ही कल्पना माध्यमाहून जुनी आहे. अमेरिकी व्यवस्थापन-लेखक टॉम पीटर्स यांनी १९९७ मध्ये एका मासिकातील लेखातून ती गाजवली. व्यावसायिकांसाठीचे लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला घेत असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात मात्र लिंक्डइन मुख्यतः ऑफिसवाल्यांचे राहिले. तालुक्याच्या गावातला सल्लागार ओळखला जातो तो व्हॉट्सॲप ग्रुप, फेसबुक आणि यूट्यूबवरून.

विश्वास कशाचा बनतो याविषयी मेयर, डेव्हिस आणि शूरमन या अभ्यासकांनी १९९५ मध्ये मांडलेली विभागणी अजून वापरली जाते : क्षमता, सद्भाव आणि सचोटी. यातली क्षमता दाखवणे सोपे. चांगल्या माहितीच्या चार पोस्टी पुरतात. सद्भाव आणि सचोटीला वेळ लागतो, आणि नेमाचे महत्त्व तिथे आहे. पुन्हा पुन्हा समोर येणारी गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. त्यावरून ‘रोज पोस्ट टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धवट आहे. जाहिरातीतला चेहरा रोज दिसतो म्हणून त्याच्याकडे कोणी आयकराचे विवरणपत्र भरायला देत नाही. नेमाचा खरा उपयोग नोंदीचा. पाच वर्षांच्या पोस्टी एकाखाली एक उभ्या असल्या की कोणी कधी शब्द फिरवला, हे कोणालाही खाली सरकत जाऊन पाहता येते.

दुसरा मुद्दा किमतीचा. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांच्या १९७३ मधील मांडणीचा गाभा असा, की जी खूण खोट्या माणसाला परवडत नाही तीच खूण काही सांगते. ‘आम्ही उत्तम सेवा देतो’ हे लिहायला कोणालाच काही पडत नाही.

द्राक्षपट्ट्यात हे जवळून दिसते. नाशिक-सांगलीकडे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आभाळ भरून आले की बागायतदार डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारणीचा ब्लोअर बाहेर काढतो. अशा सकाळी ग्रुपवर सल्लागाराचा मेसेज पडतो : ‘आभाळ आहे, पण पाऊस नाही, दवही नाही. पानं कोरडी आहेत. आज औषध मारू नका, पैसे वाचवा.’ सल्लागाराचे स्वतःचे औषधांचे दुकान असेल, तर या तीन ओळींत त्याने स्वतःचा त्या दिवसाचा गल्ला सोडलेला असतो. आठवड्याने तोच लिहितो : ‘मी थांबा म्हटलं होतं. दोन बागांत पानांच्या खाली पांढरी बुरशी दिसली. माझा अंदाज चुकला, आता पुढचं असं करू.’ खाली एखादा अंगठा येतो, बऱ्याचदा तोही नाही. पण पुढच्या हंगामात ज्यांचा फोन येतो त्यांतल्या अनेकांनी ग्रुपवर कधी एक अक्षर लिहिलेले नसते.

ही गप्प बसून वाचणारी मंडळी दुर्लक्षित राहतात, कारण ती आकड्यांत दिसत नाहीत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवले होते, की कामाच्या संधी पुष्कळदा जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखींतून येतात. लिंक्डइनवरील २ कोटींहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याला थोडी मुरड घालून दुजोरा देतो : नोकरी मिळण्यात सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम क्षीण ओळखी, अगदी परक्याही नव्हेत आणि घरच्याही नव्हेत.

नेम आहे पण पत नाही, असाही एक मोठा वर्ग आहे. दर सणाला स्वतःचा फोटो, लोगो आणि मोबाईल नंबर घातलेले शुभेच्छाचित्र टाकणारे व्यावसायिक त्यात येतात. आषाढीच्या दिवशी विठ्ठलापेक्षा विमा एजंटाचा फोटो मोठा दिसतो. वर्षाला अशी चाळीस चित्रे टाकूनही माणूस काय काम करतो, कसे करतो, कोणाला नाही म्हणतो, यातले काहीच वाचणाऱ्याला कळत नाही. विकत घेतलेले फॉलोअर आणि एकमेकांना लाइक देण्याचे ठरवून केलेले ग्रुप हा याच्या पुढचा टप्पा.

खरेपणा म्हणजे घरचे सगळे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. गिऱ्हाइकाचे तर नव्हेच. डॉक्टरने एक्स-रेवरचे नाव झाकले, पण गाव आणि अपघाताचा दिवस तसाच ठेवला, तर तालुक्यात माणूस ओळखायला तेवढे पुरते. दुसऱ्याकडून पोस्ट लिहून घेण्याविषयी मतभेद आहेत. भाषा उसनी चालते, अनुभव उसना असला की पहिल्याच भेटीत उघडा पडतो, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत.

भारतात अनेक व्यवसायांना गिऱ्हाईक मागत फिरण्याचीच मनाई आहे, त्यामुळे समाजमाध्यमांवर लिहिताना त्यांना माहिती आणि जाहिरात यांमधल्या अरुंद पट्टीवरून चालावे लागते. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ लागू होतो, सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्याची पहिली अनुसूची. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या ऑगस्ट २०२३ मधील नियमावलीत डॉक्टरांनी लाइक किंवा फॉलोअर विकत घेऊ नयेत असे स्पष्ट लिहिले होते. ती नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी आहे हे सांगण्याचे बंधन जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घातले, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी मार्गदर्शिका काढली. सर्वांत कडक आहे शेअरबाजार. त्याची नियामक संस्था सेबी हिने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात, आपण केवळ शिक्षण देतो असे म्हणणाऱ्याला शेअरविषयी बोलताना मागील ३ महिन्यांतले भाव वापरायला मनाई केली. ‘फक्त शिकवतो’ म्हणणाऱ्याच्या व्हिडिओत कालचा भाव दिसला, तर तो सल्लागार म्हणून नोंदणीकृत आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते.