‘वाफ येत नाही’ म्हणून मशीन आणण्याआधी

आमच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक एस्प्रेसो कॉफीच्या मशीनची तक्रार एकच असते: वाफ येत नाही, दुधाला फेस धरत नाही. वाफेच्या नळीच्या टोकाचं नॉझल काढून बघितलं की बारीक छिद्रांत पिवळट, खडूसारखं घट्ट झालेलं दूध सापडतं. मशीन ठणठणीत असतं.

दूध आत शिरतं कसं? वाफ बंद केली की नळीत उरलेल्या वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि भांड्यातलं दूध वर ओढलं जातं. बाहेरून नळी कितीही लख्ख पुसलीत तरी हे दूध तिथेच राहतं. म्हणून भांडं बाजूला केल्या केल्या ओल्या फडक्याने नळी पुसा आणि दोन सेकंद वाफ मोकळी सोडा. कॉफीत दूध ओतायच्या आधी. पाच मिनिटांनी करू म्हणालात तर ते सुकून बसलेलं असतं.

‘वॉरंटी असताना साफसफाईचे पैसे का?’ असं आम्हाला रोज विचारतात. वॉरंटी मशीनमधल्या दोषाला असते. सुकलेलं दूध भिजवून एकेक छिद्र मोकळं करण्यात आमच्या माणसाचा बराच वेळ जातो, आणि खरोखर बिघडलेली मशीन तेवढी मागे पडतात. नवीन मशीन देताना आम्ही हे समोर करून दाखवतो. तेवढा वेळ काढून या.

फेसासाठी दूध फ्रिजमधलं थंडगार हवं आणि भांडं अर्ध्याहून कमी भरलेलं. नळीचं टोक दुधाच्या जेमतेम खाली धरा. कागद फाटल्यासारखा आवाज काही सेकंदच येऊ द्या, मग टोक जरा बुडवून दूध गरगर फिरू द्या. भांड्याला हात लाववेना की थांबा, म्हणजे साधारण ६० अंश. ७० च्या पुढे दुधाचा गोडवा जातो.

खरेदीचं विचाराल तर मशीन साधं चालेल, ग्राइंडर चांगला घ्या. पात्याच्या ग्राइंडरमध्ये पूड आणि कणी एकत्र येतात, पाणी मिळेल त्या वाटेने निसटतं आणि कॉफी आंबटही लागते, कडूही. जात्यासारखे दाणे दळणारा बर (burr) ग्राइंडर असेल तर १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो उतरवता येते. दुकानात दोन्ही ग्राइंडर लावून ठेवले आहेत, स्वतः दळून चव घेऊन बघा. घरी मशीन असेल तर येताना त्याचा पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड भरायचा दांड्याचा भाग, आणा, दळण त्याच्यावरच जुळवून देऊ.