सादळणारी सोडियम भुकटी आणि लेपाचा प्रवास

सोडियम-आयन बॅटरी पर्यावरणस्नेही म्हणतात ती लिथियम लागत नाही, कोबाल्ट टाळता येतो आणि बरंचसं काम लोह-मँगनीजवर भागतं म्हणून. अडचण हवेची आहे. मुंबईच्या जुलैत ३० अंशांना ८० टक्के आर्द्रता असली की घनमीटरभर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. बॅटरी बनवायच्या, मुद्दाम कोरड्या ठेवलेल्या खोलीत (उणे ४० अंश दवबिंदूच्या ड्राय रूममध्ये) जेमतेम ०.१२ ग्रॅम. या बॅटरीच्या कॅथोडसाठी (धन टोकासाठी) लागणाऱ्या थरयुक्त सोडियम ऑक्साइडची, म्हणजे सोडियम आणि लोह-मँगनीजसारख्या धातूंच्या ऑक्साइडची, बरणी उघडी राहिली तर भुकटी पापडासारखी सादळते. पापड भाजून सुधारतो, ही सुधारत नाही. सोडियम बाहेर येऊन कणांवर हायड्रॉक्साइड, कार्बोनेट होऊन बसतो. १२० अंशांना वाळवलं तर पाणी जातं, सोडियम काही परत आत जात नाही. अशी भुकटी पीव्हीडीएफ बाइंडरमध्ये (कण चिकटवून ठेवणाऱ्या पॉलिमरमध्ये) घोटली की स्लरी, म्हणजे धातूच्या फॉइलला लावायचं मिश्रण, तपकिरी पडते, दही लागावं तशी घट्ट होते आणि फॉइलवर पसरतच नाही.

यावर एक उपाय म्हणजे कणांवर पातळ लेप. गंमत म्हणजे हा लेप सुरुवातीला हवेसाठी नव्हताच. १९९७ मध्ये टेक्सासात गुडइनफ या शास्त्रज्ञांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेट हे कॅथोड द्रव्य पुढे आणलं: स्वस्त, बिनविषारी, पण वीजवहनात अगदी दरिद्री. दोनेक वर्षांत मिशेल आर्मां आणि सहकाऱ्यांनी कणांवर कार्बन चढवला. साखर मिसळून आर्गॉनमध्ये ६००-७०० अंशांना भाजलं की काही नॅनोमीटरचा थर बसतो. सोडियम ऑक्साइडवर ही युक्ती चालत नाही. तापलेला कार्बन ऑक्साइडमधलाच ऑक्सिजन ओढतो.

म्हणून अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. २००० च्या सुमारास तो लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवर वापरला गेला. इलेक्ट्रोलाइटमधलं (बॅटरीतल्या आयन वाहणाऱ्या द्रावातलं) हायड्रोफ्लोरिक आम्ल कॅथोडच्या आधी त्याच्यावर खर्च होतं. स्वस्त पद्धत अशी: अ‍ॅल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड (ज्यापासून अ‍ॅल्युमिना होतो ते संयुग) कोरड्या अल्कोहोलमध्ये, त्यात भुकटी ढवळायची, वाळवून ४००-५०० अंशांना भाजायची. सोडियमच्या बाबतीत इथे पाणी आलं की काम फसलं. थर बहुधा तुटक बसतो. अखंड हवा तर अ‍ॅटॉमिक लेयर डिपॉझिशन, म्हणजे वायूंमधून फेरीफेरीने अतिपातळ थर चढवणं, फिनलंडमध्ये सुंटोला यांनी १९७४ मध्ये डिस्प्लेसाठी काढलेली पद्धत. एका फेरीत साधारण ०.१ नॅनोमीटर. जाड थराचा मोह नको, आयनांची वाट अडते. शिवाय चार्ज-डिस्चार्जमध्ये कण तडकला की आतला नवा पृष्ठभाग उघडाच.

पवईच्या आयआयटीत म्हणूनच लेपाऐवजी ऑक्साइडची रचनाच बदलून तो पाण्यात टिकवण्यावर काम झालंय. तसं जमलं तर स्लरी थेट पाण्यात करता येते आणि पीव्हीडीएफसाठी लागणारं विषारी एनएमपी द्रावकही वाचतं.