हत्यार, अवजार आणि नऊ इंच

खंडेनवमीला बेळगावात हत्यारं पुजतात. उद्यमबागेतल्या लेथला झेंडूची माळ पडते, तशीच घरातल्या विळीला आणि कोयत्यालाही. सुताराची पटाशी हत्यार आणि तलवारही हत्यार. आपल्या बोलण्यात ही सरमिसळ कधी अडली नाही. कायद्याच्या कागदावर मात्र ती अडते, आणि खिशात ठेवायचा चाकू निवडणाऱ्याला पहिला प्रश्न तिथेच पडतो.

चाकूचा मागचा इतिहास थोडक्यात असा. स्विस सैनिकांसाठीचा घडीचा चाकू १८९१ चा, त्याची हलकी अधिकारी आवृत्ती १८९७ ची. पक्कड मध्यभागी असलेलं मल्टिटूल अमेरिकेत १९८३ मध्ये विक्रीला आलं. आपल्याकडे २००१ मध्ये आयातीवरची संख्येची बंधनं उठली आणि त्यानंतर या वस्तू दुकानांत सहज दिसू लागल्या. खानापूर-जांबोटीकडे मात्र त्याआधीपासून कमरेच्या आकडीला कोयती आहेच: ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून लोहाराने घडवलेली. हे पोलाद दगडावर घासलं की पुन्हा धार धरतं, पण जांबोटीच्या पावसात न पुसता ठेवलं की सकाळी लाल गंज. स्टेनलेसचं उलट: गंज कमी, पण साधं स्टेनलेस लवकर बोथटतं.

आता नऊ इंच. ‘नऊ इंचांपर्यंत चालतं’ हे वाक्य दुकानदार, गिर्यारोहक, सगळेच सांगतात. त्याचं मूळ १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या १९६२ च्या नियमावलीत आहे; तिची जागा २०१६ मध्ये नव्या नियमांनी घेतली. १९६२ च्या यादीत तलवार, खंजीर, भाल्यांसोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येत होते. पण त्याच ओळीत घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळली होती. म्हणजे मोजपट्टीआधी उद्देश बघायचा. दुसरं, बंदुकीखेरीज इतर शस्त्रांना परवाना कुठे लागेल, हे केंद्र सरकार अधिसूचना काढून त्या त्या भागापुरतं ठरवतं. दिल्लीसाठी १९८० मध्ये बटणाच्या आणि खटक्याच्या चाकूंना ७.६२ सेंटिमीटरची मर्यादा घातली गेली, म्हणजे जेमतेम तीन इंच. नऊ इंच ही देशभर चालणारी सूट नव्हे. ती सूट असल्यासारखी सांगणं चूक आहे, आणि त्या चुकीपायी पोरं अडचणीत येतात.

सीमाभागात आणखी एक पदर आहे. १९५६ नंतर दरवर्षी १ नोव्हेंबरला इथे एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिन. तणावाच्या दिवसांत मनाई आदेश निघतात आणि त्यांत शस्त्रांबरोबर काठ्या, चाकूही येतात. तिथे इंचांचा हिशोब चालत नाही. एका वर्षी आदल्या संध्याकाळी शिनोळीहून येताना माझ्या पाठपिशवीतला अडीच इंची चाकू तपासणीत काढून घेतला गेला. मागच्या दुचाकीवर पोत्यात गुंडाळलेले ऊसतोडीचे दोन कोयते होते, ते तसेच पुढे गेले. कोयते सोडले ते योग्यच झालं, ती पोटाची अवजारं आहेत. पण दोन किलोमीटर मागे, महाराष्ट्राच्या हद्दीत, तो आदेश लागूच नव्हता, आणि माझ्या चाकूने दिवसभरात फक्त पेरू कापले होते.

त्यानंतर इथल्या अनेकांची निवडच बदलली. लांब पात्याऐवजी पक्कड असलेलं मल्टिटूल, तेही खिशात नाही, दुचाकीच्या टूलबॉक्समध्ये. चोर्ला घाटात क्लचची केबल तुटली की पक्कडीचाच उपयोग होतो: उरलेल्या तारेचं टोक घट्ट धरून ओढलं तर गिअर टाकता येतो आणि गाडी कणकुंबीपर्यंत येते. सांबऱ्याहून विमानाने जाताना मात्र ते हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात द्यावं लागतं.