स्टिअरिंगची थरथर आणि व्हील अलाइनमेंट

वेगात स्टिअरिंग थरथरू लागले की अलाइनमेंट बिघडले, असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. अलाइनमेंट म्हणजे टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे), कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) हे चाकांचे कोन जुळवणे. ते चुकले तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरके राहते किंवा टायर एकाच कडेने झिजतो. ताशी 80 किलोमीटरच्या आसपास सुरू होणारी थरथर मात्र बहुधा चाकाच्या असमतोल वजनामुळे येते आणि तिचा उपाय बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे समतोल करणे, हा आहे. आधी हवेचा दाब तपासावा, कारण एका बाजूच्या कमी हवेनेही गाडी ओढते. मग उभ्या गाडीच्या टायरवरून हात आडवा, दोन्ही दिशांनी हलकेच फिरवावा; एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर टो तपासून घेणे खरोखरच गरजेचे आहे.