अभिस्तर ऊती

अभिस्तर ऊती : शरीराच्या बाहेरील पृष्ठभागाचे आच्छादन, आतील पोकळ्या व नलिका यांचे अस्तर आणि ग्रंथींचा स्रवणारा भाग ज्या ऊतीपासून बनतो ती ऊती. काही ग्रंथांत तिला उपकला असेही म्हटले आहे. प्राणिशरीरातील चार मूलभूत ऊतींपैकी ही एक असून संयोजी, स्नायू व चेता या उरलेल्या तीन होत. श्वासातला प्राणवायू असो, ज्वारीच्या भाकरीतून मिळणारी शर्करा असो, की मूत्र आणि घाम असो, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पदार्थाला या ऊतीचा थर ओलांडावा लागतो. हा थर कोठे, काय अडवतो आणि काय जाऊ देतो हे पाहत गेले, की तिचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप उलगडतात.

डच शारीरविद फ्रेडरिक रॉइश (१६३८–१७३१) यांनी या ऊतीसाठी ‘एपिथेलिया’ ही संज्ञा योजली. ग्रीक भाषेत ‘एपी’ म्हणजे वर आणि ‘थेली’ म्हणजे स्तनाग्र. नाजूक पृष्ठभागावरील पातळ पापुद्र्याचे नाव पुढे सगळ्या अस्तरांना मिळाले. एकोणिसाव्या शतकात याकोब हेन्ले यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तिचे प्रकार वेगळे केले. ‘अभिस्तर’ ही मराठी संज्ञा मूळ शब्दापेक्षा अधिक बोलकी आहे, कारण कपड्याला अस्तर असते हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही.

रचना : लातूर, नांदेड येथे नीट परीक्षेची तयारी करणारे हजारो विद्यार्थी या ऊतीचे प्रकार तक्त्यावरून शिकतात, पण माध्यमिक शाळेतला एक साधा प्रयोग त्या तक्त्याहून जास्त शिकवतो. चूळ भरून, गालाच्या आतील बाजूवरून स्वच्छ लाकडी चमचा हलकेच फिरवावा, चमच्याला लागलेला पांढुरका चिकट अंश काचपट्टीवर पसरावा आणि त्यावर मिथिलीन ब्लूचा एक थेंब सोडावा. सूक्ष्मदर्शकाखाली फरशीच्या तुकड्यांसारख्या चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी दिसतात. काही सुट्या, काही एकमेकींवर चढलेल्या, काहींची कड दुमडलेली, आणि प्रत्येकीच्या मध्याजवळ गडद निळे केंद्रक. चमचा फिरवताना रक्त आले नाही, हेही या प्रयोगाचे एक निरीक्षण समजावे. निघालेल्या पेशी गळण्याच्या बेतात होत्या, आणि अभिस्तर ऊतीत रक्तवाहिन्या नसतातच.

या ऊतीतील पेशी दाटीने बसलेल्या असतात व त्यांच्यामध्ये आंतरपेशीय द्रव्य अत्यल्प असते. खालच्या बाजूस त्या आधारपटल नावाच्या पातळ तंतुमय पटलावर टेकलेल्या असतात. आधारपटलाखाली संयोजी ऊती असते आणि तेथील केशवाहिन्यांमधून प्राणवायू व पोषकद्रव्ये झिरपत वर पोहोचतात. प्रत्येक पेशीला मोकळी बाजू व बैठकीची बाजू अशा दोन निराळ्या बाजू असतात, आणि दोन्हींकडची प्रथिनेही निराळी असतात. या दुजाभावामुळेच पदार्थ एका ठराविक दिशेने वाहून नेता येतो. शेजारच्या पेशी तीन तऱ्हांनी बांधलेल्या असतात : मोकळ्या बाजूजवळचे घट्ट जोड द्रवाला पेशींच्या फटीतून निसटू देत नाहीत, डेस्मोसोम हे बटणासारखे जोड ओढ व घर्षण सोसतात, आणि रिक्त जोडांमधून लहान रेणू व आयन एका पेशीतून दुसरीत जातात. झिजणे हा या ऊतीचा नित्यक्रम असल्याने तिची पुनर्निर्मितीही अखंड चालते. लहान आतड्याचे अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवे होते, तर बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडायला सुमारे एक महिना लागतो.

प्रकार : वर्गीकरण दोन प्रश्नांवर आधारलेले आहे. पेशींचा थर एक आहे की अनेक, आणि वरच्या पेशींचा आकार कोणता? एकच थर असल्यास सरल आणि अनेक असल्यास स्तरित अभिस्तर. आकारावरून पट्टकी (चपटा), घनाभरूप (घनासारखा) व स्तंभीय (खांबासारखा उभा).

सरल पट्टकी अभिस्तर सर्वांत पातळ असून जेथे पदार्थ चटकन पलीकडे जायला हवा तेथे तो आढळतो. फुप्फुसांतील वायुकोशांच्या सुमारे ९५ टक्के पृष्ठभागावर अशा अतिपातळ पेशी पसरलेल्या असतात आणि हवा व रक्त यांच्यातील पडदा काही ठिकाणी अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी जाडीचा असतो. उरलेल्या जागेतील, संख्येने मात्र अधिक असलेल्या, घनाकार पेशी पृष्ठताण कमी करणारा स्राव सोडतात, म्हणून श्वास सोडल्यावर वायुकोश मिटत नाहीत. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाला श्वास घ्यायला त्रास होतो तो पुष्कळदा हा स्राव पुरेसा तयार झालेला नसल्यामुळे. रक्तवाहिन्यांचे आतील अस्तरही याच प्रकारात मोडते.

घनाभरूप अभिस्तर मूत्रपिंडातील नलिका, लाळग्रंथींच्या नलिका व अवटू (थायरॉइड) ग्रंथी येथे असतो. मूत्रपिंडांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील जवळजवळ ९९ टक्के नलिकांच्या पेशी परत रक्तात घेतात. दीड-दोन लिटर तेवढे मूत्र म्हणून बाहेर पडते.

स्तंभीय अभिस्तर जठरात व आतड्यांत असतो. लहान आतड्यात या पेशींच्या मोकळ्या बाजूवर सूक्ष्म रसांकुरांची दाट रांग असते, तिच्यामुळे शोषणाचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढते. मधूनमधून चषकपेशी श्लेष्म हा चिकट द्रव स्रवतात. श्वासनलिकेत सर्व पेशी आधारपटलाला टेकलेल्या असूनही केंद्रके वरखाली असल्यामुळे थर अनेक असल्याचा भास होतो. म्हणून त्याला आभासी स्तरित म्हणतात. तेथील पेशींवरचे रोमक, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, एका लयीत हलून धूळ अडकलेला श्लेष्म घशाकडे ढकलतात. मळणीयंत्राशेजारी दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाला संध्याकाळी काळपट बेडका पडतो, तो या रोमकांच्या कामाचा पुरावा होय. तंबाखूच्या धुराने रोमकांची हालचाल मंदावते, आणि धूम्रपान वर्षानुवर्षे चालू राहिल्यास रोमक पेशींच्या जागी पट्टकी पेशी येऊ लागतात.

स्तरित पट्टकी अभिस्तर घर्षणाच्या जागी असतो. तोंड, अन्ननलिका व योनिमार्ग येथे तो ओलसर असतो. त्वचेत मात्र वरच्या पेशी केरॅटिन या प्रथिनाने भरून मृत होतात. जुनी लुगडी एकावर एक टाचून शिवलेल्या वाकळीसारखे हे थर असतात, फक्त वाकळ वरून झिजते तशी ती खालून नवी होत नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कामगारांच्या तळहातावर कोयत्याच्या मुठीखाली पडणारे घट्टे म्हणजे सततच्या दाबाला या अभिस्तराने दिलेले उत्तर आहे : तळाच्या पेशी अधिक वेगाने विभागतात आणि केरॅटिनचा थर जाड होतो. हिवाळ्यात टाचांना पडणाऱ्या भेगाही याच थरातल्या. भेग मृत थरापुरती असेपर्यंत दुखत नाही, रक्त येत नाही. ती आतल्या त्वचेपर्यंत पोहोचली की पाऊल टेकवत नाही आणि जंतूंना वाट मिळते. मधुमेह्याने अशी भेग कधीही अंगावर काढू नये.

मूत्राशयातील संक्रमणी अभिस्तर रिकाम्या अवस्थेत पाच-सहा थरांचा दिसतो व मूत्राशय भरल्यावर ताणून दोन-तीन थरांचा होतो. ग्रंथिल अभिस्तराच्या बहिःस्रावी ग्रंथी नलिकेतून आणि अंतःस्रावी ग्रंथी थेट रक्तात स्राव सोडतात.

कार्ये : संरक्षण, शोषण, स्रवण, उत्सर्जन व संवेदन ही कार्ये पाठ्यपुस्तकांत दिलेली असतात. त्यांपैकी दोन मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जिवाशी गाठ घालणारी आहेत. परभणी-नांदेड भागात पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा शरीराजवळ उष्णता टाकण्याचा मुख्य मार्ग घाम हाच उरतो. माणसाच्या त्वचेत साधारण २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि एक लिटर घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. ग्रंथीच्या तळाशी घाम बराच खारट असतो. तो नलिकेतून वर येताना तिच्या पेशी मीठ परत शोषून घेतात. उन्हाची सवय झालेल्या शरीरात हे शोषण वाढते. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच शेतात उतरलेल्या नवख्या माणसाच्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग म्हणूनच अधिक ठळक उठतात.

दुसरे कार्य आतड्याचे. विहिरी आटून दूषित पाणी पोटात गेले की हगवणीच्या साथी येतात. पटकीचे (कॉलऱ्याचे) विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर टाकायला लावते, त्यामागे पाणी ओढले जाते आणि शरीर तासांत कोरडे पडते. मात्र सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारे प्रथिन त्याही स्थितीत शाबूत असते. नुसते मिठाचे पाणी टिकत नाही आणि साखर-मिठाचे टिकते, याचे कारण हेच. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात, १९७१ मध्ये, बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या तत्त्वावर असंख्य रुग्ण वाचवले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ ही घरगुती जलसंजीवनी प्रत्येक घरात ठाऊक असली पाहिजे.

विकार : जीवनसत्त्व अ कमी पडल्यास ओलसर अभिस्तर कोरडे होऊन त्यात केरॅटिन साचू लागते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके दिसतात आणि दुर्लक्ष झाल्यास दृष्टी जाते. सतत विभागणारी आणि बाहेरच्या जगाशी थेट भिडणारी ही ऊती असल्याने प्रौढांतील बहुतेक कर्करोग हिच्यातच सुरू होतात. सुपारी व गुटखा यांनी गालाच्या अस्तराखालची ऊती आवळत जाऊन तोंड उघडेनासे होते आणि पुढे त्याच जागी कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

दोन प्रकारचे अभिस्तर जेथे एकमेकांना भिडतात ती जागा विशेष जोखमीची असते. गर्भाशयमुखावर आतला स्तंभीय व बाहेरचा स्तरित पट्टकी अभिस्तर मिळतात आणि वयात आल्यानंतर स्तंभीय पेशींच्या जागी हळूहळू पट्टकी पेशी येत जातात. या बदलत्या पट्ट्यात ह्यूमन पॅपिलोमा विषाणू सहज मूळ धरतो. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात, पण जे टिकतात त्यांतून कर्करोग व्हायला बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. तेवढा काळ उपचाराला वाव असतो. या जागेवर सौम्य ॲसिटिक आम्ल लावले की बिघडलेल्या, केंद्रकांनी गच्च भरलेल्या पेशींचा भाग मिनिटाभरात पांढरा पडतो आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो.

या ज्ञानाची एक मोठी कसोटी मराठवाड्यातच लागली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील ४९७ गावांत १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. गावांचे चार गट करून विषाणू-चाचणी, पेशी-परीक्षण, आम्ल-चाचणी व नेहमीची सेवा यांची तुलना करण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणू-चाचणी गटातील ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्या सेवेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. ज्या स्त्रियांना चाचणी दिली गेली नाही त्यांच्याविषयी पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते रास्त आहेत. आयुष्यात एकदाच केलेली विषाणू-चाचणीही मृत्यू जवळपास निम्म्याने घटवू शकते, ही गोष्ट कळंब, भूम, परांडा, तुळजापूरकडच्या गावांतल्या स्त्रियांच्या सहभागातून सिद्ध झाली.